सायलीच्या बीबीएबद्दल आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "हे बीबीए म्हणजे नक्की काय, ते एकदा नीट कागदावर लिहून पाठव." म्हणून सवडीनं लिहायला बसले आहे. दादा-वहिनींनाही वाचायला द्या. त्यांच्या सायलीनं तर वाचावंच.

बीबीए म्हणजे व्यवसायाचं व्यवस्थापन शिकवणारी, बारावीनंतरची पदवी. माझं मत आधी सांगून टाकते. सायलीला बीबीए करायचं असेल तर तिला करू द्यावं. पण ते सरकारी प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून मिळालेल्या जागेवर. डोनेशन देऊन नको आणि तुमची एफडी मोडून तर मुळीच नको. तशी जागा चांगल्या कॉलेजात मिळाली नाही, तर सांगलीत राहून बीकॉम करावं. त्यात काहीही कमीपणा नाही. मी स्वतः बीकॉम करूनच एमबीएला गेले आणि तो पाया मला आजही कामाला येतो.

बाबा, तुमचा बीकॉमवर विश्वास आहे तो उगाच नाही. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघालं, तेव्हापासून आपल्याकडे व्यापाराचं शिक्षण म्हणजे बीकॉम. व्यवस्थापनाची पदवी त्यामानानं नवी. मुंबई विद्यापीठानं बीएमएस १९९९ मध्ये सुरू केलं. पुणे, कोल्हापूरकडे तसाच अभ्यासक्रम बीबीए या नावानं चालतो. सायलीच्या मैत्रिणी बीबीए मोठं की बीएमएस मोठं यावर वाद घालत असतील, तर तिला सांगा की तीन वर्षांत शिकवतात ते जवळपास सारखंच. एकाच नावाकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघायचं. पुण्यात बीबीए सीए असाही कोर्स आहे. त्यातलं सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे, कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. तिथं प्रोग्रॅमिंग शिकवतात. फॉर्म भरताना घाईत ते निवडलं, तर पोरगी भलत्याच वर्गात जाऊन बसायची.

आता त्यात शिकवतात काय, ते तुमच्याच भाषेत सांगते. तुम्ही मार्केट यार्डात अडतीवर दिवाणजी म्हणून इतकी वर्षं कीर्द-खतावणी लिहिली. बीबीएच्या सुरुवातीला फायनान्शियल अकाउंटिंग असतं, ते म्हणजे तेच. जमा-नावे, तेरीज, ताळेबंद. सायलीनं बारावीला बीके, म्हणजे बुक-कीपिंग घेतलंय, त्यामुळे हा पेपर तिला परका वाटणार नाही. पुढे कॉस्ट अकाउंटिंग येतं. तुम्ही शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई वजा करायचात आणि मालकांना रात्री सांगायचात की या वाणावर पोत्यामागे खरंच काय सुटलं. तो हिशेब तिथं शास्त्र म्हणून शिकवतात. ऑपरेशन्स मॅनेजमेंट नावाचा पेपर म्हणजे माल कधी घ्यायचा, कुठं साठवायचा, किती दिवस धरून ठेवायचा आणि त्यात किती पैसा अडकतो. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, आणि २००५ च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरून माल गेला. याहून चांगलं उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार? मार्केटिंगमध्ये सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा शेतकऱ्याच्या भावावर काय परिणाम झाला, यावर एखादं पोर आख्खा प्रोजेक्ट करू शकेल. सायलीनं तो करावा असं मला फार वाटतं. हळकुंड, गड्डा आणि कणी यांतला फरक तिला तुमच्याइतकं नीट कोण समजावून सांगणार?

याशिवाय मनुष्यबळ, कायदा, अर्थशास्त्र, संशोधनाची पद्धत असे पेपर असतात. ते अभ्यास केला की निघतात. काळजी एकाच विषयाची आहे, संख्याशास्त्राची. सायलीनं बारावीला गणिताऐवजी एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेतलं. बीबीएच्या प्रवेशाला त्यानं अडत नाही. कुठल्याही शाखेची बारावी चालते. पण पहिल्याच वर्षी सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळं समोर येतं. ज्या मुलांनी दहावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नाही, ती नेमकी इथं नापास होतात आणि मग बॅकलॉग घेऊन पुढची सत्रं रेटत बसतात. म्हणून बारावीची लेखी परीक्षा संपल्यावर सुट्टीत तिनं दहावीचं बीजगणित आणि शेकडेवारी पुन्हा करावी. दादा रोज अर्धा तास बसला तरी पुरे. एक्सेलही शिकून घ्यावं. त्यासाठी महागडा क्लास नको, आपल्या घरखर्चाची वही एक्सेलमध्ये मांडून बघितली तरी निम्मं येईल.

क्रेडिट हा शब्द सारखा कानावर पडेल. त्याचा अर्थ साधा आहे. वर्गातल्या शिकवणीचे साधारण १५ तास म्हणजे एक क्रेडिट. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे सत्रात ६० तास. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट होतात आणि तीन वर्षांत किमान १२० झाले की पदवी. नव्या शैक्षणिक धोरणानं चौथं वर्षही दिलंय. ते केलं तर ऑनर्स पदवी मिळते. ते आपणहून घ्यायचं असतं, सक्ती नाही. तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. एमबीए करायचं असेल, तर चौथ्या वर्षात पैसे आणि वेळ घालवायचं कारण मला तरी दिसत नाही. घरच्या अडचणीनं मध्येच थांबावं लागलं, तर मिळवलेले क्रेडिट खात्यावर जमा राहतात आणि परत येऊन पुढे शिकता येतं. वहिनीनं लग्नासाठी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, ते कायमचं सुटलं. आजच्या मुलींवर तशी वेळ येऊ नये म्हणून ही सोय मला मोलाची वाटते.

प्रवेशाची पद्धत २०२४ पासून बदलली आहे, आणि इथंच लोक फसतात. पूर्वी बारावीचे मार्क बघून कॉलेजं आपापली यादी लावायची. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या अखत्यारीत आले, म्हणजे इंजिनिअरिंगसारखे. त्यामुळे आपल्या राज्याच्या सीईटी सेलनं वेगळी सीईटी सुरू केली. १०० प्रश्न, ९० मिनिटं, संगणकावर. सगळ्यात जास्त, ४० प्रश्न इंग्रजीचे. मग ३० तर्कक्षमता आणि अंकगणिताचे आणि उरलेले सामान्यज्ञान व संगणकाचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडून यायचं नाही. सायलीचं खरं काम इंग्रजीवर आहे. तिला समजतं सगळं, पण वाचायचा वेग कमी आहे. रोज इंग्रजी पेपरातलं व्यापाराचं एक पान घड्याळ लावून वाचायचं, एवढं तिनं आत्तापासून धरलं तर परीक्षेपर्यंत फरक पडलेला दिसेल. अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच निघतात. "आधी बोर्डाचं होऊ दे, मग बघू" म्हणून थांबलो, तर मुदत टळलेली असेल.

पहिल्या वर्षी ही सीईटी असते हेच कित्येक मुलांना कळलं नाही. जागा इतक्या उरल्या की ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली, तरीही पुष्कळ जागा रिकाम्या राहिल्या. मुंबईत बऱ्याच कॉलेजांनी एआयसीटीईच्या बाहेर राहण्यासाठी कोर्सचं नावच बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज करून टाकलं. तिथं सीईटी लागत नाही आणि अभ्यासही वाईट नाही. हे सगळं अशासाठी सांगते की उद्या एखादा माणूस फोन करून म्हणेल, "काका, दोनच सीट राहिल्यात, आज टोकन भरा." आमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी भाच्यासाठी असे पैसे भरले. नंतर कळलं की त्याच कॉलेजात कॅपच्या जागा शेवटपर्यंत पडून होत्या. पैसे काही परत मिळाले नाहीत. बाबा, तुम्ही भिडस्त आहात. असा फोन आला तर सरळ माझा नंबर द्या.

कॅपचाच आग्रह धरण्याचं दुसरं कारण फीचं आहे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलो की ही माफी गेली. प्रवेश पक्का करण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर जाऊन, आपला कोर्स त्या यादीत आहे ना आणि महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी वेबसाइटवर अर्ज कधी करायचा, हे दादानं समोर उभं राहून विचारावं. माफीत वसतिगृह आणि जेवणखाण येत नाही, तेवढा खर्च मात्र आपल्याला धरावाच लागेल. त्यातला अर्धा मी देणार आहे. यावर वाद नको.

यासाठी तुमच्याकडे एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. सायलीची जात पडताळणी अजून झालेली नाही. सायन्सच्या मुलांना अकरावीतच हे सांगतात, कारण त्यांना इंजिनिअरिंगला लागतं. कॉमर्सच्या मुलांना कुणी सांगत नाही. आता बीबीएलाही राखीव जागेसाठी तेच प्रमाणपत्र लागतं. ओबीसीला जातीचा पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा मागतात. आपल्या घरात तसा सगळ्यात भक्कम कागद म्हणजे तुमचा प्राथमिक शाळेतला दाखला. तो माळ्यावरच्या हिरव्या पेटीत, जुन्या सातबाऱ्यांबरोबर असेल. सापडला नाही तर शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागायचा. तुमचं नाव आणि आजोबांचं नाव त्यात जसं लिहिलंय, तसंच दादाच्या आणि सायलीच्या दाखल्यावर आहे का, हे अक्षर न् अक्षर ताडून बघा. काना-मात्रेच्या फरकानं महिनोन्महिने प्रकरणं अडकतात. मग सायलीच्या कॉलेजकडून प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन दादा ऑनलाइन अर्ज करेल. नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला सेवा केंद्रात तुलनेनं लवकर होतो. पडताळणीला वेळ लागतो, आणि मुदतवाढ मिळेल या भरवशावर बसायचं नाही.

आयआयएमचं दादानं विचारलं होतं. इंदूरच्या आयआयएमनं २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स काढला. पुढे रोहतक, रांची, जम्मू, बोधगया इथंही निघाले. त्या परीक्षांत गणिताचा भार फार आणि खर्चही आपल्या आवाक्याबाहेरचा. दिल्ली विद्यापीठाच्या बीएमएसला प्रवेश परीक्षेत गणित द्यावंच लागतं. सायलीसाठी ही दोन्ही दारं सोडून देऊ.

"बीबीएनंतर नोकरी काय?" या बाबांच्या प्रश्नाला मी खोटी आशा दाखवणार नाही. नुसत्या बीबीएवर सुरुवातीला विक्री, बँकेची कामं, एचआरमध्ये मदतनीस अशाच नोकऱ्या मिळतात. आमच्या खरेदी विभागात नवीन मुलं घेताना मी मुलाखतीला बसते. पदवीचं नाव बघून मी कधी कुणाला घेतलेलं नाही. इंटर्नशिपमध्ये स्वतः काय केलं, ते कुणी आकड्यांनिशी सांगितलं की मी कान देऊन ऐकते. गेल्या खेपेला एका मुलीनं सांगितलं, की तिनं किराणा वितरकाकडे दोन महिने बसून कुठला माल मुदत संपून परत येतो याची यादी केली आणि मालकानं ऑर्डरचं प्रमाण बदललं. तिला आम्ही लगेच घेतलं. ती साधी बीकॉम होती. एमबीए, स्पर्धा परीक्षा, बँकांच्या परीक्षा यांना दोन्ही पदव्या सारख्याच चालतात. सीए करायचं असेल तर मात्र बीकॉमच सोयीचं, अभ्यास जुळतो आणि वेळ मिळतो. सायलीला सीए नको आहे, हे तिनं मला स्पष्ट सांगितलंय. तिला माणसांशी बोलायला, काम वाटून द्यायला, कार्यक्रम उभा करायला आवडतं. गणपतीत गल्लीची वर्गणी आणि खर्च तिनंच सांभाळला, आणि हिशेब चोख दिला. म्हणून मी तिच्या बाजूनं बोलते आहे.

आई, तुझी काळजी पुण्याची. एकटी पोरगी, परकं गाव, बाहेरचं जेवण. मी इथं चिंचवडला आहे. पहिलं वर्ष ती माझ्याकडे राहील, मग वसतिगृहाचं बघू. पसंतीक्रम भरताना पुण्याची दोन-तीन कॉलेजं, मग कोल्हापूर आणि सांगली असा क्रम लावू. पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं तर जागा आपोआप कायम होते, मागे फिरता येत नाही. म्हणून जिथं तिला खरंच जायचंय तेच वर लिहायचं. कोल्हापूर किंवा सांगली लागलं तर तू खूश आणि मीही खूश.

बाबा, दाखला सापडला की फोटो काढून सायलीला मला पाठवायला सांगा. नावाचं स्पेलिंग मी बघते. पुढच्या महिन्यात दोन दिवसांची रजा टाकून येते आहे, तेव्हा सायलीला घेऊन कोल्हापूरचं एक कॉलेज आत जाऊन बघून येऊ. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, येताना घेऊन येईन.

तुमची,
वैशाली