होल्टरचा अहवाल देताना टक्केवारी तरी सांगा

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला अनियमित ठोक्यांवरचा लेख वाचला आणि राहवले नाही. अधूनमधून एखादा ठोका अवेळी पडणे आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची लयच बिघडणे, या दोन्ही गोष्टी लेखात एकाच पोत्यात भरल्या आहेत. फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, त्यासाठी अनेकांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, हे खरेच. पण एखाददुसरा अवेळी ठोका धडधाकट माणसांच्याही चोवीस तासांच्या तपासणीत बहुधा सापडतोच. हा फरक न सांगता 'दुर्लक्ष जिवावर बेतेल' असे ठळक छापले की घराघरांत काय होते ते मी भोगले आहे.

माझ्या यजमानांना छातीत मध्येच धस्स व्हायचे म्हणून गेल्या पावसाळ्यात होल्टर, म्हणजे चोवीस तास हृदयाचे ठोके नोंदवणारे यंत्र, लावले. शनिवारी संध्याकाळी अहवाल थेट मोबाइलवर आला. डॉक्टरांची वेळ बुधवारची. पानेच्या पाने इंग्रजी, आलेख, त्यात 'व्हीपीसी ३८६' (व्हीपीसी म्हणजे अवेळी ठोके) आणि किमान गती मिनिटाला ४४, तीही लाल अक्षरांत. तपासणी केंद्रात फोन केला तर "डॉक्टरांना दाखवा" एवढेच उत्तर. मुलाने बंगळुरूहून इंटरनेटवर वाचून आणखी घाबरवले. ह्यांनी पर्वती चढणे सोडले, डाव्या कुशीवर झोपणे सोडले, रात्री नाडी धरून बसू लागले. ते चार दिवस आमच्या घरात कोणी धड जेवले नाही.

बुधवारी डॉक्टरांनी कागद पाहिला आणि समजावले. दिवसभरातले एकूण ठोके सुमारे ९८ हजार, त्यांत ३८६ म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेले तर हृदयाचा स्नायू कमजोर होत नाही ना, यावर लक्ष ठेवायचे. ४४ ची नोंद पहाटे पावणेचारची. गाढ झोपेत गती एवढी उतरू शकते. आणि धस्स का होते? एक ठोका वेळेआधी पडतो, मग हृदय किंचित थांबते, तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. जाणवतो तो हा. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला होता, पोटॅशियम, थायरॉइड, हिमोग्लोबिन ठीक होते, म्हणून गोळीसुद्धा दिली नाही. चहा कमी आणि झोप पुरेशी, एवढेच सांगितले. मात्र शुद्ध हरपली, चालताना धडधड वाढली, छातीत दुखले किंवा दम लागला तर वाट न पाहता लगेच दाखवायचे, हेही बजावले. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले होते का, तेही विचारून घेतले.

निदान करणे केंद्राचे काम नाही, मान्य. पण एकूण ठोक्यांत अवेळी ठोके किती टक्के, किमान गती झोपेतली की जागेपणीची, एवढे पहिल्या पानावर मराठीत छापायला काय हरकत आहे? पैसे घेताना तर सगळे मराठीत बोलतात.

आणखी एक. त्याच लेखाखाली अर्धे पान हृदय तपासणीच्या पॅकेजची जाहिरात होती. वर भीती आणि खाली सवलतीचे दर, हे आपल्या वृत्तपत्राला शोभत नाही. इतकी वर्षे अंक घेतो म्हणून स्पष्ट लिहिते.

पुढच्या पुरवणीत एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांकडून होल्टरचा अहवाल कसा पाहायचा हे लिहून घ्यावे. यंत्रासोबत नोंदींसाठी जो कागद देतात त्याबद्दलही त्यात यावे. त्रास झाला की वेळ आणि तेव्हा काय करत होतो ते लिहायचे असते. तो कागद कोरा परत गेला तर त्रास आणि आलेख यांचा मेळ डॉक्टरांनी घालायचा कसा?

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे