नेटवर्कचा नकाशा पगारवाढीसाठी नको

महोदय,

कामाच्या ठिकाणी कोण कोणाला विचारून काम पुढे नेतो, याचा नकाशा काढण्याची पद्धत जुनी आहे. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी माणसांतल्या संबंधांच्या अशा आकृत्या 1934 मध्येच पुस्तकरूपात मांडल्या. आता असे नकाशे काढणारे गेफीसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यामुळे एचआर विभागालाही सोशल नेटवर्क ॲनालिसिस, म्हणजे असा नकाशा काढून वाचणे, घरच्या घरी करता येते. ते जरूर करावे. मात्र तो नकाशा वार्षिक मूल्यमापनाच्या फायलीत जाऊ लागला, तर त्याचा उपयोग तिथेच संपतो.

अडचण मुळात माहिती गोळा करतानाच सुरू होते. ‘तुमचे कोणाशी चांगले जमते?’ असे विचारले की लोक साहेबांचे नाव लिहितात. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात काम अडले तेव्हा कोणाकडे माहिती मागितली?’ असे विचारावे आणि समोर सगळ्यांची यादी ठेवून खुणा करायला सांगावे. नावे आठवून लिहायला लावली तर शेजारच्या टेबलावरचीच आठवतात. उत्तरे कर्मचारी क्रमांकानेच नोंदवावीत. नाहीतर ‘पाटील’, ‘एस. पाटील’ आणि ‘पाटीलसाहेब’ असे एकाच माणसाचे नकाशावर तीन ठिपके उमटतात.

चाळीस जणांच्या गटात दोघा-दोघांच्या 780 जोड्या होतात. आठ जणांनी फॉर्म भरला नाही, तर दोन्ही बाजूंनी माहिती मिळते ती फक्त 496 जोड्यांची. 256 जोड्यांची एकच बाजू कळते आणि 28 बद्दल काहीच नाही. त्या आठांतच डिझाइन आणि उत्पादन यांना जोडणारा माणूस असेल, तर दोन्ही विभागांत बोलणेच नाही असा निष्कर्ष निघतो, आणि मग विनाकारण ‘टीम बिल्डिंग’ची सहल निघते.

सर्वेक्षणाचा त्रास नको म्हणून ईमेलच्या नोंदी वापरणाऱ्यांनी ‘सर्वांना’ गेलेल्या आणि नुसत्या सीसीतल्या मेल आधी वगळाव्यात. तरीही शॉप फ्लोअरवरचा फिटर त्या नकाशात दिसणार नाही, कारण तो मेल करत नाही. उठून जातो किंवा फोन लावतो.

नकाशात विचारणाऱ्याकडून ज्याला विचारले त्याच्याकडे बाण काढतात. समजा, सर्वाधिक बाण स्टोअरकीपरकडे जातात. हा कंपनीतला सर्वात सहकार्यशील माणूस, असे लगेच वाटेल. प्रत्यक्षात कोणता बेअरिंग कोणत्या रॅकवर आहे हे त्याच्या एकट्याच्याच डोक्यात असते आणि इश्यू स्लिपवर सहीही त्याचीच लागते. तो चार दिवस गावी गेला की लाइन थांबते. इथे त्याचा सत्कार करून भागत नाही. रॅकची यादी भिंतीवर लावणे आणि सहीचा अधिकार आणखी एकाला देणे, हा त्यावरचा उपाय. उलट बाजूला ज्याच्याकडे एकही बाण नाही तो आळशी असेलच असे नाही. कदाचित तो रात्रपाळीला असेल, किंवा महिन्यापूर्वीच रुजू झाला असेल. बाण मोजून गुण देणाऱ्याला यातले काही दिसत नाही.

पगारवाढ या बाणांवर ठरते अशी कुणकुण लागली की पुढच्या फेरीत ‘तू माझे नाव टाक, मी तुझे टाकतो’ सुरू होते. तशी शंका आल्यास ‘तुम्हाला कोणी विचारले?’ हा उलटा प्रश्नही घालावा आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहावे. पण दोघांनी आधीच ठरवले असेल तर हा ताळाही उपयोगाचा नाही.

सर्वात खटकणारी गोष्ट म्हणजे फॉर्मच्या माथ्यावरची ‘हे सर्वेक्षण निनावी आहे’ ही ओळ. नावाशिवाय किंवा नावाशी जोडलेल्या क्रमांकाशिवाय हा नकाशा काढताच येत नाही, त्यामुळे ती ओळ खोटी ठरते. ‘नावे गोपनीय राहतील’ असे लिहावे आणि ते पाळावे: क्रमांक-नावांची यादी बाहेरच्या विश्लेषकाकडेच राहावी, व्यवस्थापकांना विभागांमधल्या जोडण्याच दाखवाव्यात, आणि तीन-चार जणांचा विभाग असेल तर तो दुसऱ्यात मिसळावा, कारण तिथे नाव झाकले तरी माणूस ओळखू येतो.

— नेटवर्क विश्लेषणाचे काम करणारे काही सल्लागार, पुणे