सप्ताहाच्या जनरेटरबाबत सूचना

सर्व सभासदांनी लक्षात घ्यावे : कीर्तनाच्या वेळी जनरेटर चालू होईना म्हणून नुसती दोरी ओढत बसू नये. आधी पेट्रोलचा कॉक उघडा आहे का आणि चोक (थंड इंजिन चालू करताना हवा कमी करणारा खटका) लावलाय का, ते बघावं. मागच्या सप्ताहापासून टाकीत पडलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) चिकट होऊन बसतं. ते काढून ताजं भरा. इंजिनाचा स्पार्क प्लग काजळला असेल तर पुसून घ्या.

चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर बहुतेक ऑईल कमी आहे, सेन्सरच मशीन बंद करतो. मशीन सपाट जागेवर ठेवूनच ऑईल मोजायची कांडी बघा. इंजिन चालू पण लाईट नाही? ब्रेकर (भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका) पडला असेल. पाण्याची मोटार जनरेटरवर लावायची नाही, हे मागंही सांगितलंय.

गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. लातूरचं ऊन कितीही असो, मशीन खोलीत चालवायची नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जीव जातो. पेट्रोलचा कॅन भरून ठेवायची जबाबदारी वापरणाऱ्याकडं.