विषय: बाथरूममधली लाल दोरी आणि तुम्ही परस्पर बंद केलेली तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

तुमच्या हेल्पलाइनवरचा सहावा फोन आत्ता ठेवला आणि लिहायला बसलो. हात थरथरतोय, अक्षराबद्दल माफी मागणार नाही.

घोडबंदर रोडवरच्या तुमच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत आम्ही दोघं चार वर्षं राहतो. दोरी कोणती, ते तुम्हाला सांगायला नको. कमोडशेजारी असते, ओढली की गेटवरच्या पॅनलवर फ्लॅटचा दिवा लागतो आणि बझर वाजतो. तुमच्या माहितीपत्रकातल्या फोटोत ती थेट फरशीला टेकलेली आहे, कारण पडलेला माणूस फरशीवर असतो. आमच्याकडे सफाईवाल्यांनी ती गाठ मारून टॉवेलच्या दांडीएवढी वर बांधली आहे. लादी पुसताना भिजते म्हणे.

७ जुलैला पहाटे पावणेसहाला ही बाथरूममध्ये घसरली. मी खाली फेऱ्या मारत होतो. दोरीपर्यंत हात पोचेना, तेव्हा हिने पडल्यापडल्या वायपरच्या दांड्याने ती कशीबशी ओढली. दिवा लागला, बझर वाजला नाही. रात्रपाळीच्या गार्डची झोपमोड होते म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली होती. मी परत आलो तेव्हा पॅनलवर लाल दिवा दिसला. ‘अरे, कुणाकडचा तरी दिवा लागलाय बघ,’ असं गार्डला सांगून लिफ्टकडे चार पावलं गेलोही. मग डोक्यात शिरलं, ३०३ म्हणजे आम्हीच.

पंचवीस मिनिटं ही ओल्या लादीवर होती. मनगटावर निभावलं. खुब्याचं हाड गेलं असतं तर या रस्त्याच्या कोंडीतून रुग्णवाहिका कापूरबावडीपर्यंत किती वेळात पोचली असती, ते तुमच्या ‘चोवीस तास तत्पर’ विभागाने सांगावं.

पहिल्या पाच फोनांचं थोडक्यात सांगतो. दर वेळी नवा नंबर मिळाला आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे’ असा मेसेज. कोणाचं समाधान झालं ते कळलं नाही. एकदा एक माणूस आला, बॅटरी तपासली, ‘ओके आहे’ म्हणाला आणि गेला. गाठ त्याच्या नाकासमोर होती.

आजचा फोन मात्र सविस्तर लिहितो. मी फ्लॅट नंबर सांगितला, दोरीचं सगळं सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘अंकल, घर में कोई बड़ा है?’

मी म्हणालो, मी ७६ वर्षांचा आहे, अजून किती मोठा हवा?

ती हसली नाही. म्हणाली, तक्रार फक्त ‘प्रायमरी मेंबर’ची घेता येते आणि रेकॉर्डवर माझ्या मुलाचं नाव आहे. त्याच्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा. मुलगा टोरांटोला असतो. इथे साडेअकरा, तिथे रात्रीचे दोन. मी म्हटलं, बाई, फ्लॅट माझ्या फंडाच्या पैशातून घेतलाय, करारावर सही माझी, दर महिन्याचा मेंटेनन्स माझ्या पेन्शनमधून जातो. मुलाचा नंबर तुमच्याच माणसाने ‘तातडीच्या संपर्कासाठी’ मागून घेतला होता. त्यावर ती अगदी प्रेमाने, लहान मुलाला चमचा भरवतात त्या सुरात म्हणाली, ‘आप टेन्शन मत लो अंकल, आराम करो. बेटे से बोलना, हमें कॉल कर लेगा.’

आणि फोन कट.

तिला दोष देत नाही, समोरच्या पडद्यावर दिसतं तेच ती वाचणार. तो पडदा तुम्ही बनवलात. ३४ वर्षं मी टेलिफोन खात्यात होतो, त्यातली बरीचशी ठाण्यात. १९८ या तक्रारीच्या नंबरावर लोक खात्याच्या नावाने बोटं मोडायचे आणि कारण असायचं. पण तक्रार करायला आधी मुलाला घेऊन या, असं आम्ही कुणाला सांगितलं नाही.

मेसमधल्या उपम्याबद्दल किंवा बंद केलेल्या स्टेशनच्या बसबद्दल इथे लिहीत नाही. (उपमा मात्र खरंच भयंकर असतो.) महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दारं निदान ९०० मिलिमीटर रुंद हवीत असं आहे. तुमची आधीपासूनच रुंद आहेत, हे कबूल करतो. स्ट्रेचर आरामात बाहेर जाईल. प्रश्न इतकाच, ते आणायचं आहे हे कुणाला कळणार कसं?

गाठ मी स्वतः तीनदा सोडली. आज सकाळी ती पुन्हा वर आहे.

सात दिवसांत सगळ्या फ्लॅटमधल्या दोऱ्या खाली आल्या नाहीत, बझरवरची चिकटपट्टी निघाली नाही आणि रेकॉर्डवर माझं नाव लागलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन. मग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच दाद मागता येते, वकील लागत नाही, आणि मला वेळच वेळ आहे. आराम करायला तुम्हीच सांगितलंय.

इथे यायचा हट्ट माझा होता. ही डोंबिवली सोडायला तयार नव्हती. ‘तिथे हाक मारली की माणूस येतो,’ असं तुमचंच वाक्य मी तिला ऐकवलं होतं. आता देवघरातली घंटा बाथरूमच्या नळाला बांधली आहे. ती वाजली की ३०४ मधल्या बाई येतात. त्यांचं वय ८१.

उत्तर मला पाठवा. मुलाला नको.

फ्लॅट ३०३
(प्रायमरी मेंबर)