आयोवातली पोस्त

डे मॉइन, आयोवा
2 नोव्हेंबर 2023

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी जो प्रश्न विचारला, तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सई फुलपाखराचे पंख लावून आमच्या आळीत दारोदार खाऊ मागायला जाणार आहे, असे मी सांगत होते, तेव्हा बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पोरीला लोकांच्या दारात हात पसरायला कशाला लावतेस?" त्यावर मी काहीतरी पुटपुटले आणि बोलणे दिवाळीच्या फराळाकडे वळले. पण या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे, असे तेव्हापासून वाटत होते, म्हणून आज सगळी निजानीज झाल्यावर लिहायला बसले आहे.

प्रश्न रास्तच आहे, आणि इथल्या नावामुळे तो अधिक टोचतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुले 31 ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोवीनच्या रात्री फिरतात. आमच्या शहरात ती आदल्या दिवशी, 30 तारखेला, संध्याकाळी सहा ते आठ या वेळात फिरतात, आणि त्या रात्रीला 'बेगर्स नाइट', भिकाऱ्यांची रात्र, असेच म्हणतात. नाव ऐकून मलाही पहिल्या वर्षी कसेसेच झाले होते. मात्र त्यामागची हकीकत कळल्यावर माझे मत बदलले. पूर्वी हॅलोवीन म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांच्या दांडगाईची रात्र असे. घरांच्या आणि दुकानांच्या काचांना साबण फासायचा, कुंपणाची फाटके उचलून न्यायची, शेतावरचे लाकडी संडास उलथून टाकायचे, असे प्रकार चालत. 1938 साली या शहरात ही दांडगाई इतकी वाढली की पोलीस हैराण झाले, आणि तेव्हा शहराच्या क्रीडांगण विभागाचे काम पाहणाऱ्या कॅथरीन क्रीग यांच्या पुढाकाराने अशी तोड निघाली की लहान मुलांनी ठरलेल्या रात्री घरोघर जावे, घरच्यांनी त्यांना खाऊ द्यावा, पण तो फुकट देऊ नये. मुलाने आधी एखादे गाणे, एखादी कविता, काहीतरी करून दाखवावे. पुढे गाणी आणि कविता मागे पडल्या आणि विनोद राहिला. आजही आमच्याकडे दारात आलेल्या मुलाला खाऊ मिळण्याआधी एक विनोद सांगावा लागतो. दक्षिणेकडे सेंट लुइसमध्येही हीच रीत आहे. बहुतेक ठिकाणी मात्र 'ट्रिक ऑर ट्रीट' एवढे तीन शब्द म्हटले की काम भागते.

यंदा आमच्या दारात 74 मुले आली. मी वहीत रेघा ओढत होते म्हणून आकडा पक्का आहे. त्यांतल्या एकाविषयी सांगते, म्हणजे माझे म्हणणे तुम्हाला कळेल. वय असेल चार वर्षांचे, अंगात आगीच्या बंबावरच्या जवानाचा वेष, आणि डोक्यावरचे लाल शिरस्त्राण सारखे डोळ्यांवर घसरत होते. त्याने विनोद पाठ करून आणला होता, पण पायऱ्या चढून येईपर्यंत तो विसरला. मागे वाटेवर त्याचे वडील उभे होते. त्यांनी त्याला एकही शब्द सुचवला नाही. मी वाडगा हातात घेऊन उकिडवी बसले आणि थांबले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सांगाडा झाडावर का चढला?" मी विचारले, "का रे बाबा?" उत्तर खरे तर असे होते की हाडांसाठी कुत्रा त्याच्या मागे लागला होता, पण त्याने घाईघाईने "कारण कुत्र्याला हाडे आवडतात!" एवढेच सांगून टाकले. मला मनापासून हसू आले. त्याने शिरस्त्राण वर सारून आधी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले, मी खरेच हसते आहे याची खात्री करून घेतली, आणि मगच वाडग्यात हात घातला. बाबा, हात पसरणारे मूल असे पाहत नाही. आपण काहीतरी दिले आणि ते समोरच्याला आवडले, हे त्याला आधी हवे होते, चॉकलेट नंतर.

आणि ही रीत आपल्याला परकी तरी कुठे आहे? आईच्या माहेरी, गुहागरला, शिमग्यात संकासुराचे सोंग घेतलेला माणूस अंगणात यायचा, तेव्हा त्याचा काळा अंगरखा आणि उंच टोपी पाहून मी आजीच्या पदराआड लपायची, आणि कमरेच्या घुंगरांचा आवाज लांब गेल्याशिवाय बाहेर यायची नाही. पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, मागणारी पोरे "आयना का बायना, घेतल्याशिवाय जाइना" असे ओरडत दारात ठाण मांडायची, आणि आजी त्यांना हाकलण्याऐवजी आधी नाचायला लावायची. 'ट्रिक ऑर ट्रीट' याचा अर्थ, खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, म्हणजे वेगळे काय आहे? खोडीचे म्हणाल, तर शेजाऱ्यांच्या गोठ्याचे कवाड एका वर्षी होळीत गेले, ती गोष्ट काकांनी आम्हाला कितीदा तरी सांगितली आहे, आणि त्या टोळीत कोण कोण होते हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आपले आजोबा पुण्यात वार लावून जेवले आणि शिकले; त्या घरांशी त्यांनी जन्मभर नाते ठेवले, पण आपण भीक मागितली असे त्यांना कधी वाटले नाही.

आज 2 नोव्हेंबर. ख्रिस्ती लोकांत हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस असतो, आणि काल सर्व संतांचा दिवस होता. त्याच्या आदल्या रात्रीवरूनच हॅलोवीन हे नाव पडले. जुन्या इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब आणि मुले घरोघर जात, त्या घरातल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करीत, आणि मोबदल्यात त्यांना 'सोल केक' नावाच्या लहान गोड भाकऱ्या मिळत. आपली सर्वपित्री अमावस्या होऊन तीन आठवडेही झाले नाहीत, त्यामुळे हे वाचताना मला आपल्या घरच्या पानाची आणि काकबळीची आठवण झाली. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये मुले वेष पालटून जात आणि गाणे किंवा कविता म्हटल्यावर त्यांना फळे, सुका मेवा किंवा नाणे मिळे. तिकडे कंदील सलगमाचे कोरत. दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक एकोणिसाव्या शतकात इकडे आले आणि त्यांना कंदिलासाठी भोपळा सापडला. म्हणजे देण्याआधी काहीतरी घेणे आणि घेण्याआधी काहीतरी देणे हेच या प्रथेचे मूळ आहे. ते मूळ पिढ्यान्‌पिढ्या कसे झिजत गेले, हे मला इथे पहिल्याच वर्षी कळले, आणि कळले ते वाईट वाटून कळले.

2016 साली आम्ही या घरात आलो, तेव्हा मला काहीच माहीत नव्हते. मुले घरी येणार म्हणून मी हौसेने बेसनाचे लाडू वळले, एकेक लाडू कागदात बांधला आणि दारात आलेल्या मुलांच्या पिशवीत घातला. आया "थँक यू" म्हणत होत्या, पण त्यांच्या नजरेत काहीतरी वेगळे दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पदपथावरच्या कचऱ्याच्या डब्यात मला माझ्या पुड्या दिसल्या, गाठही न सुटलेल्या. त्या दिवशी मी फोनवर तुम्हाला हे सांगितले नव्हते. शेजारच्या आजींना माझा चेहरा पाहून समजले असावे; त्या माझ्या स्वयंपाकघरात बसल्या, उरलेल्यांतला एक लाडू त्यांनी सावकाश, अखेरच्या कणापर्यंत खाल्ला, आणि मग सगळे समजावून सांगितले.

आजींचे वय आता 84 आहे. त्यांचे बालपण इथून तासाभराच्या अंतरावर मक्याच्या शेतावर गेले. युद्धामुळे 1942 पासून साखर रेशनवर होती आणि ते रेशन 1947 च्या जूनमध्ये उठले, त्यामुळे भरपूर गोड खाऊ मिळालेले त्यांना आठवते ते पहिले हॅलोवीन त्याच वर्षीचे. त्यांच्या आईने पाक करून मक्याच्या लाह्यांचे लाडू वळले होते, आणि कोणत्या घरी काय मिळते हे सगळ्या मुलांना तोंडपाठ असे: अमक्यांकडे गरम डोनट, तमक्यांकडे सफरचंदे, मास्तरांकडे एक नाणे. त्यांचा मुलगा सत्तरीच्या दशकात फिरू लागला तोवर हे सारे पालटत आले होते. 1974 साली टेक्सासमध्ये एका बापाने विम्याच्या पैशासाठी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला हॅलोवीनच्या खाऊतून विष घालून मारले. 1982 साली, हॅलोवीनच्या महिनाभर आधी, शिकागोच्या परिसरात कोणीतरी दुकानातल्या गोळ्यांच्या बाटल्यांत सायनाइड मिसळले आणि सात माणसे गेली. देश हादरला. काही रुग्णालयांनी मुलांचा खाऊ क्ष-किरणांखाली तपासून देण्याची सोय केली, आणि घरात केलेला पदार्थ मुलाच्या हातात द्यायचा नाही, हे आयांच्या मनात कायमचे बसले. जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्रज्ञ 1958 पासूनच्या बातम्या तपासत आले आहेत, आणि अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याचा एकही प्रकार त्यांना सापडलेला नाही. टेक्सासचे मूल मेले ते घरच्याच माणसाच्या हातून. पण भीती एकदा घरात शिरली की पुरावा तिला बाहेर काढू शकत नाही. माझे लाडू कचऱ्यात गेले ते त्या भीतीमुळे, आणि त्या आयांवरचा माझा राग त्याच दिवशी गेला.

आता मीही सगळ्यांसारखी दुकानातून बंद वेष्टणातली लहान चॉकलेटे आणते. पायरीवर एक भोपळा निळसर हिरव्या रंगाने रंगवून ठेवते. शेंगदाणे किंवा दूध ज्यांना चालत नाही, त्या मुलांसाठी या घरी खाण्याऐवजी पेन्सिली, भोवरे, असे काहीतरी आहे, अशी ती खूण असते. टेनेसीमध्ये 2012 साली सुरू झालेली ही पद्धत दोन वर्षांत देशभर गेली, आणि मला ती फार आवडते, कारण तिच्यामुळे एकही मूल दारातून रिकाम्या हाताने जात नाही. 2020 च्या साथीत आम्ही अंगणात टेबल मांडले होते आणि मुले कुंपणापलीकडून ओरडून विनोद सांगत होती. काही चर्च आणि शाळा वाहनतळावर गाड्या उभ्या करून डिकीतून खाऊ वाटतात. शेतांमुळे घरे मैलमैल लांब असलेल्या भागात त्याला इलाज नाही हे मला पटते, तरी गावात राहणाऱ्यांनीही तेच करावे याचे दुःख होते. त्याहून जास्त दुःख मला ओट्यावर ठेवलेल्या त्या वाडग्यांचे होते, ज्यांवर "एकच घ्या" अशी चिठ्ठी असते, दार बंद असते आणि वर कॅमेरा असतो. तिथे मुलाचा विनोद ऐकायला कोणी नसते. हात पसरणे म्हणायचेच असेल तर ते याला म्हणावे.

आता सईचे. आईने दिलेल्या जुन्या इरकलीच्या पदरातून मी तिचे पंख शिवले. थंडी इतकी होती की ते जाड कोटावरून बांधावे लागले. तिला वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक असलेला विनोद सांगायचा नव्हता. मग तिने आजीने शिकवलेले कोडे घेतले: "पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब." पाटील म्हणजे गावातला मानाचा शेतकरी, हे ती प्रत्येक दारात आधी इंग्रजीत समजावून सांगायची, मग कोडे मराठीत म्हणायची, मग त्याचा अर्थ सांगायची, आणि कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट पाहायची. पहिल्या सहा घरांत कोणाला उत्तर आले नाही. सातवे घर शेजारच्या आजींचे. त्यांनी डोळे मिटले, लांब दाढी, लांब मिशा असे दोनदा स्वतःशी म्हटले, आणि एकदम टाळी वाजवली: "हे तर कणीस!" त्या आत गेल्या आणि मेणकागदात गुंडाळलेला मक्याच्या लाह्यांचा लाडू घेऊन आल्या. दरवर्षी त्या असा एकच करतात, फक्त सईसाठी. सईने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि तिने तो तिथेच, ओट्याच्या पायरीवर बसून खाल्ला. आजींसाठी मी नेलेला बेसनाचा लाडू त्यांच्या हातात होता.

येत्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातील. पूर्वी ती ऑक्टोबरच्या अखेरीस मागे जात, पण 2007 पासून नोव्हेंबरचा पहिला रविवार ठरला आहे, त्यामुळे बेगर्स नाइटला लहान मुले निघतात तेव्हा थोडा उजेड असतो. आपल्या वेळांत आता साडेदहाऐवजी साडेअकरा तासांचे अंतर पडेल, तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फोन करताना बाबांनी ते ध्यानात ठेवावे. सईसाठी आईने आणखी दोन-तीन कोडी पाठवावीत. कणसाचे उत्तर आता आळीत सर्वांना कळले आहे.

काका-काकूंना नमस्कार, लहानांस आशीर्वाद. प्रकृतीस जपावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
माई