ओक आधी, मिल्कवीड मागून

सातारा
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय अवी,

तुझं पत्र पोचलं. अर्ध्यात तिकडच्या, अमेरिकेतल्या घराचं कर्ज, अर्ध्यात मागचं अंगण. कर्जावर मी काय बोलणार? अंगणाचं मात्र विचारलंस ते बरं केलंस. दिवसभर ऊन लागतं असा एकच कोपरा आहे, तिथे मिल्कवीड हे रानफूल लावू की पांढरा ओक हा मोठा वृक्ष, असा तुझा प्रश्न. आणि मी दर पावसाळ्यात फुलं बघायला कासच्या पठारावर पळणारा माणूस, म्हणजे फुलालाच मत देणार हे तू धरूनच चाललायस. 'उत्तर माहीत आहे, तरी विचारतो' असं वर लिहायला विसरला नाहीस. तर ऐक लेका, ओक लाव.

फुलावरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. पण बागेत काय लावायचं हे ठरवताना मी आधी बघतो की ते खाणार कोण. तुमच्या बाजूला डेलावेअर विद्यापीठात डग्लस टॅलमी नावाचे कीटकशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी तुमच्या भागातल्या झाडाझुडपांवर कोणकोणत्या फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या अळ्या वाढतात याची मोजदाद केली. ओकच्या निरनिराळ्या जातींवर मिळून पाचशेहून जास्त प्रकारच्या अळ्या निघाल्या. पहिला नंबर ओकचाच. रानफुलांत गोल्डनरॉडचा नंबर बराच वर, तरी त्याच्यावर शंभराच्या थोड्या पुढे. मिल्कवीड त्याच्याही कितीतरी खाली.

अळ्या ऐकून वहिनींनी नाक मुरडलं असेल. त्यांना सांग, तुमच्याकडे ती चिमणीहून लहान, काळ्या टोपीची चिकाडी येते ना, तिची एका वेळची पिल्लं घरट्यातून उडेपर्यंत सहा ते नऊ हजार अळ्या फस्त करतात. दाणे टाकून पिल्लं वाढत नाहीत, त्यांना मऊ अळीच लागते. म्हणजे ओक लावलास की पक्ष्यांसाठी तो खिडकीत टांगायचा दाण्यांचा डबा विकत आणायचीसुद्धा गरज नाही.

मिल्कवीडची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणशील एकतर्फी निकाल दिला. मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीडशिवाय दुसरं काही खातच नाही. तिथे ओक पाचशे जणांना जेवू घालत असला तरी मोनार्कच्या उपयोगाचा नाही. आणि हे नातं तुला नवीन नाही. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या कुळातलंच. शनिवारी मारुतीला माळ करायला आपण रुईची पानं तोडायचो, तेव्हा बोटांना पांढरा चीक लागायचा, आठवतं? त्या रुईवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी असायची. तिचं पुढे प्लेन टायगर होतं, नारिंगी पंखांचं. हे प्लेन टायगर आणि तुमचं मोनार्क अगदी जवळचे नातेवाईक. दोघांचीही युक्ती एकच : चिकातलं विष अंगात साठवायचं आणि पक्ष्यांच्या तोंडची चव घालवायची. मोनार्क मात्र त्यावर कडी करतं. या दिवसांत तुमच्याकडून निघून थेट मेक्सिकोच्या डोंगरातल्या जंगलात हिवाळा काढायला जातं. सध्या दिवसा जरा बाहेर बसत जा, वरून जाताना दिसेल.

तरीही ओक आधी, याचं कारण वेळ. मिल्कवीड तू पन्नाशीत लावलंस काय आणि साठीत लावलंस काय, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलणारच. ओकचं तसं नाही. बियांपासून वाढवलेल्या पांढऱ्या ओकला फळ धरायला वीस वर्षं लागतात, कधी त्याहून बरीच जास्त. मग तो दोन-तीनशे वर्षं उभा राहतो. त्याच्या बाबतीत वाया गेलेलं वर्ष परत मिळत नाही. सुरुवातीची सात-आठ वर्षं त्याची सावली ती केवढी! त्याच उन्हात बाजूला मिल्कवीड सुखानं राहील. मुलं मोठी होतील तसा ओक पसरेल, मिल्कवीड आपण होऊन मागे हटेल, आणि तोवर सावलीत वाढणारी तुमच्याकडची रानफुलं तू हुडकलेली असशील. एकाच कोपऱ्यात दोघं नांदतील, फक्त मुहूर्त ओकचा आधी.

आता माझी खरी गंमत सांगतो. तुला झाड लावायला सांगणारा हा माणूस इथे साताऱ्यात झाडं लावू नका म्हणून लोकांशी भांडत असतो! पाऊस सुरू झाला की कुठलं ना कुठलं मंडळ ट्रॅक्टरभर रोपं घेऊन सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, जायला निघतं. उघडा सडा दिसला की लोकांना तो ओसाड वाटतो, हिरवा करावासा वाटतो. अरे, पण तो तसाच असायला हवा. यवतेश्वरावरून कासला गेलास की खाली जांभ्याचा कातळ, वर माती वीतभरसुद्धा नाही, कुठे कुठे नुसती बोटभर. चार महिने त्यावरून पाणी वाहतं, नंतरचे आठ महिने तो तव्यासारखा तापतो. मोठ्या झाडाची मुळं जाणार कुठे? म्हणून तिथे राज्य आहे ते बुटक्या फुलांचं. गेंद, सोनकी, कवला, तेरडा, आणि ती निळी-जांभळी सीतेची आसवं. मातीत नत्र इतकं कमी, की सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून पोट भरतात आणि दवबिंदू नावाची वनस्पती पानावरच्या चिकट थेंबांत किडे अडकवते. अशा जागी खड्डे काढून शेणखत घातलं तर वाढतं ते गवत आणि तण, फुलं नव्हे. खड्ड्याच्या नावाखाली कातळावरचा तो बोटभर थरही उकरला जातो. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत घेतला, त्यात कासही आहे. ते या उघडेपणासकट.

चराईचंही असंच. गुरं बंद केली की फुलं वाचतील असं शहरातल्या माणसाला वाटतं. पठाराभोवतालच्या गावांतली म्हातारी माणसं म्हणतात, गुरं फिरायची म्हणून गवत आटोक्यात राहायचं आणि फुलाला ऊन मिळायचं. मला ते पटतं.

म्हणून तुझ्याकडे ओक आणि माझ्याकडे फूल. तुझ्या पेन्सिल्व्हेनियात खोल माती आहे, बाराही महिने पाऊस किंवा बर्फ आहे, आणि माणसानं हात लावला नाही तर ती जमीन आपोआप जंगलाकडेच जाते. कासचा सडा सोडून दिला तरी सडाच राहणार. जमिनीला काय व्हायचं आहे ते बघावं आणि तिच्या वाटेत येऊ नये, एवढंच मला कळतं. इथेही खाली ओढ्याकाठी, काळ्या मातीत कुणी विचारलं तर मी उंबर आणि ऐन लावायला सांगतो, तेव्हा मला झाडांचा वैरी ठरवू नकोस.

लावायचं कसं ते पटकन सांगतो. नर्सरीतलं बारा फुटी झाड आणू नकोस, महागही पडतं आणि मुळं तुटलेली असतात. जवळच्या एखाद्या जुन्या पांढऱ्या ओकखाली आता फळं पडतीलच, ती गोळा कर आणि पाण्यात टाक. तरंगतील ती फेकून दे, बुडतील ती घे. पांढऱ्या ओकचं फळ पडल्या पडल्या त्याच शरदात खाली मूळ सोडतं, तेव्हा फ्रिजमध्ये जपून ठेवण्यात अर्थ नाही, लगेच आडवं टाकून बोटभर मातीत दाब. वर तारेची जाळी हवीच, नाहीतर खारी त्याच रात्री उकरून नेतील. घराच्या भिंतीपासून निदान पंचवीस-तीस फूट सोड. मिल्कवीडचं बी याच दिवसांत उघड्यावर पेर, कारण उगवायला त्याला हिवाळ्याची थंडी खावी लागते. साधं मिल्कवीड मुळांवाटे जमिनीखालून पसरतं, शेजाऱ्याच्या हिरवळीत डोकं काढेल. तुझ्या पत्रावरून शेजारी तसा शिस्तीचा दिसतो, तेव्हा बटरफ्लाय वीड म्हणतात ती नारिंगी फुलांची जात घे, ती एका जागी गुपचूप राहते. आणि ओक मोठा झाला की खाली पडलेली पानं झाडून पोत्यात भरू नकोस. अळ्या कोषात जायला झाडावरून उतरून त्याच पाल्यात आणि मातीत शिरतात. पाला गेला की पाचशेंची पंगत उठली.

येताना माझ्यासाठी ओकची फळं आणतोस म्हणालास. आणू नकोस. परवान्याशिवाय बी-बियाणं असं आणता येत नाही, हे एक. आणि आणलंस तरी इथे त्याला ओळखणारं कोण? आपल्या सह्याद्रीत ओकची एकही जात मुळातली नाही, हिमालयात मात्र बांजसारख्या जाती आहेत. पाचगणीच्या रस्त्यानं ते उंच सिल्व्हर ओक उभे आहेत, ते तर ओकसुद्धा नव्हेत, ऑस्ट्रेलियाहून आलेले आहेत. दिसतात रुबाबदार, पिवळ्या फुलांवर मध पण असतो. पण पानं बघ, कुणी कुरतडलेलं पान क्वचितच सापडेल. शेजारच्या जांभळाचं पान बघ, चाळण झालेली असते.

याच कारणानं वहिनींनी मागितलेलं तेरड्याचं बी मी पाठवत नाही. रागावू नये म्हणावं. गौरीला तेरडा नाही याची हळहळ मला कळते. आमच्याकडे यंदाही तेरड्याची गौर मुळासकट आणली. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात खरं, पण शेंग फुटून बी उडालं की पुढच्या वर्षी तो न बोलावता हजर असतो. पण तुमच्याकडे तेरड्याची सख्खी बहीण आहे आणि वहिनींना ते ठाऊक दिसत नाही. ज्युएलवीड म्हणतात. ओढ्याकाठी ओलसर सावलीत उगवतं, नारिंगी फुलं, त्यावर लालसर ठिपके, आणि पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की अशीच फट्कन उडते. ऐन गौरींच्या सुमाराला फुललेलं असतं आणि त्यावर हमिंगबर्ड येतात. घरामागे नाला आहे असं तू लिहिलंयस ना, तिथे बघायला सांग. यंदाच्या गौरी झाल्या, पण जागा आत्ताच बघून ठेवली तर पुढच्या वर्षी शोधाशोध नको. सापडलं की फोटो पाठव, आमच्या मंडळींना दाखवायचाय.

आईचे गुडघे बरे आहेत, तुझी चौकशी करते. दिवाळीला येणार असशील तर तिकीट काढल्यावर कळव, कासला फुलं संपलेली असतील पण ठोसेघरच्या धबधब्याला पाणी असेल.

तुझा,
बाळू