फायबरच्या दोन वाटा खरंच दोन असू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राजापूर तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. गेल्या जुलैत हायवेच्या कामात जेसीबीनं केबल तोडली आणि आमचं नेट चार दिवस बंद, भाताच्या पीक विम्याची मुदत संपत आलेली, एक काका पावसातून तीनदा येऊन परत गेले. शेवटी मीच जाऊन बघितलं. लाल चिखलातून पाइप वर आलेला आणि एक पोरगा छत्री मानेत धरून केसाएवढ्या काचेच्या तारा एकेक करून मशीनमध्ये जोडत होता. त्याचा काही दोष नाही हो. पण तो म्हणाला, दुसऱ्या बाजूनं फायबर रिकामी आहे, फक्त लाइन तिकडं फिरवायला वरून ऑर्डर हवी, मग माणूस जाऊन हातानं पॅच कॉर्ड, म्हणजे मशीनला फायबर जोडणारी छोटी वायर, बदलणार.

हातानं कशाला? कनेक्शन आपोआप जोडायचं स्टँडर्ड आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं २००१ मध्येच काढलंय, मशीननं आपसात बोलून वाट ठरवायच्या जीएमपीएलएस पद्धतीचा आराखडा २००४ चा. त्यात प्रत्येक ठिकाणचं मशीन बाकीच्यांना कळवत राहतं की माझ्याकडं कुठल्या फायबरवर किती जागा मोकळी आहे, वाट तुटली की सुरुवातीचं मशीन स्वतःच नवी वाट काढतं, मधल्या प्रत्येकाला निरोप धाडून जागा धरून ठेवायला लावतं आणि लाइन चालू, अणुस्कुऱ्यात दरड आली की गाडी गगनबावड्यानं घेतो ना तसंच. जुन्या एसडीएच पद्धतीच्या रिंगमध्येसुद्धा, म्हणजे गोलाकार जोडलेल्या फायबरमध्ये, लाइन ५० मिलिसेकंदात उलट्या बाजूनं फिरते.

पण मशीन कितीही हुशार असू दे, दुसरी वाटच नसेल तर ते काय करणार. गावोगावी फायबर नेणाऱ्या सरकारच्या भारतनेटच्या २०२३ च्या सुधारित योजनेत ग्रामपंचायती रिंगनं जोडायचं ठरलंय, फार चांगलं आहे, फक्त आपल्याकडं रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून आणि खाडीवरच्या एकाच पुलावरून नेल्या तर ती रिंग नकाशातच राहणार. २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा पूल एका रात्रीत गेला, हे आपण इतक्यात विसरलो का? एक केबल हायवेनं नेली तर दुसरी सागरी मार्गानं किंवा रेल्वेच्या कडेनं न्या, खर्च वाढेल, वाढू दे.

माझी मागणी एवढीच आहे, प्रत्येक तालुक्यात रिंगच्या दोन्ही वाटा कुठून जातात ते ग्रामसभेत दाखवा, आणि पावसाळ्याआधी एकदा मुद्दाम एक बाजू बंद करून लाइन आपोआप फिरते का ते सगळ्यांसमोर बघा.

आपला,
एक सेवा केंद्र चालक, राजापूर तालुका